एका किल्लीची सगळी दारे

बंगळूरच्या पश्चिमेला राजाजीनगर आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या नावाने वसलेल्या या भागात बाहेरचा माणूस जातो तो बहुधा टेकडीवरचे इस्कॉन मंदिर पाहायला. या भागाची जुनी ओळख मात्र कारखान्यांची आहे. राज्याच्या लघुउद्योग विकास महामंडळाचे कार्यालय इथल्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४६ साली बंगळूरमध्ये उभी केलेली किर्लोस्कर इलेक्ट्रिक याच औद्योगिक उपनगराच्या पत्त्यावर वाढली. आजही या गल्ल्यांमध्ये सुटे भाग कातणारी, साचे घडवणारी छोटी वर्कशॉप आहेत. लेथच्या जोडीला सीएनसी यंत्रे आली आहेत, हिशेबाच्या वहीची जागा संगणकाने घेतली आहे.

अशा वर्कशॉपमधले संगणकांचे जाळे कसे उभे राहते, हे सांगण्यासाठी कुणा एकाकडे बोट दाखवायला नको. राजाजीनगर असो, भोसरी असो की कोल्हापूरची शिरोली, रीत सहसा एकच असते. एक ओळखीचा ‘संगणकवाला’ येतो. तो एका यंत्रावर सगळी व्यवस्था बसवतो आणि तिचीच प्रत उरलेल्या दहा-पंधरा यंत्रांवर उतरवतो. सर्व्हर टेबलाखाली जातो, राउटर भिंतीवर चढतो. या सगळ्यांवर एक ‘अ‍ॅडमिन’ खाते असते आणि त्याचा पासवर्ड सगळीकडे एकच असतो. पुष्कळदा कंपनीचे नाव, मध्ये एक चिन्ह आणि पुढे जाळे बसवले ते वर्ष, एवढाच तो असतो. मालकाला तो ठाऊक नसतो; संगणकवाल्याला पाठ असतो. अडचण आली की फोनवरून तो हिशेबनिसाला सांगितला जातो, हिशेबनीस तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवतो, आणि काम पुढे चालू लागते.

संगणक सुरक्षेबद्दल आपल्याकडे जे प्रबोधन होते, ते जवळजवळ सगळे त्या हिशेबनिसाला उद्देशून असते. पासवर्ड अवघड ठेवा, कुणाला सांगू नका, दर तीन महिन्यांनी बदला, अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका. यातला काही उपदेश योग्य आहे, काही कालबाह्य आहे. पण सगळा मिळूनही तो मूळ दुखण्यापर्यंत पोहोचत नाही. एका खात्याच्या हाती किती दारे असावीत, ती किल्ली कुणाकडे राहावी आणि ती कधी वापरली गेली हे कुणी लिहून ठेवावे, हे प्रश्न हिशेबनिसाचे नाहीत. ते संस्थेचे आहेत, आणि संस्था ते विचारतच नाहीत.

प्रशासक खाते म्हणजे काय, हे आधी नीट पाहावे. साध्या खात्यावर बसलेला माणूस आपल्या फायली उघडतो, छापतो, पुसतो. प्रशासक नवी खाती उघडतो, दुसऱ्यांचे पासवर्ड बदलतो, विषाणूरोधक प्रणाली बंद करतो, नोंदी पुसतो, आणि यंत्राच्या स्मृतीत या क्षणी काय चालले आहे तेही वाचू शकतो. घुसखोराला हिशेबनिसाच्या संगणकावर पाय ठेवता आला, तर तो एका खोलीत आला एवढेच. त्या खोलीत त्याला प्रशासकाचा पासवर्ड मिळाला आणि तोच पासवर्ड इतर चौदा यंत्रांवर असला, की भिंती नाहीशा होतात. मोठ्या संस्थांत याहून वरची एक पायरी असते. तिथे ‘डोमेन कंट्रोलर’ नावाचा सर्व्हर सगळ्यांची खाती आणि अधिकार सांभाळतो. कोण कोण आहे आणि कुणाला काय करता येते, याची मूळ वही त्याच्याकडे असते. घुसखोराची सगळी धडपड त्या वहीपर्यंत पोहोचण्याची असते, आणि वाटेत त्याला पासवर्ड फोडावा लागतोच असे नाही. एखाद्या वरिष्ठ प्रशासकाने दुरुस्तीसाठी त्या बाधित यंत्रावर एकदा लॉगिन केलेले असले, तर त्याच्या ओळखीच्या खुणा यंत्राच्या स्मृतीत रेंगाळत राहतात. त्या उचलून काढणारी साधने २०११ पासून खुली उपलब्ध आहेत.

हे सारे पुस्तकी वाटत असेल, तर न्हावा शेव्याकडे पाहावे. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. हे टर्मिनल चालवण्यात डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स या कंपनीचा वाटा होता. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे आणि कुठल्या जहाजावर चढायचा आहे, ही माहिती देणारी यंत्रणाच गेली, आणि हाताने काम करून गाडा पुढे ढकलण्याचा प्रयत्न सुरू झाला. रायगड जिल्ह्यातल्या बंदरावर ही आपत्ती आली ती युक्रेनमधून. तिथे कर-हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘मीडॉक’ या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीत ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम लपवण्यात आला होता. म्हणजे कुणी संशयास्पद दुव्यावर बोट ठेवले नव्हते. हिशेबाचे नेहमीचे सॉफ्टवेअर नेहमीसारखे अद्ययावत झाले, एवढेच घडले होते.

नॉटपेट्या पसरण्याचे मार्ग दोन होते. पहिला विंडोजमधल्या एका त्रुटीचा, जिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली, त्यांना आपण सुरक्षित आहोत असे वाटत होते. दुसऱ्या मार्गाने ती समजूत खोटी पाडली. हा प्रोग्रॅम बाधित यंत्राच्या स्मृतीतून प्रशासकाच्या खुणा उचलत असे आणि त्या दाखवून दुरुस्त केलेल्या यंत्रातही शिरत असे. दुरुस्त यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर दारात प्रशासक उभा होता, त्याच्याकडे योग्य किल्ली होती, मग दार न उघडण्याचे कारण काय? जाळ्यात एकच यंत्र दुरुस्तीविना राहिलेले असले आणि त्यावर एकदाच प्रशासक येऊन गेलेला असला, तरी बाकीच्यांची सगळी शिस्त वाया गेली.

मर्स्कची पुढची कथा अमेरिकेतील ‘वायर्ड’ मासिकाने २०१८ साली विस्ताराने छापली, आणि संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती वाचावी अशी आहे. कंपनीचे जवळपास दीडशे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती ठेवत असत. एक बिघडला तर दुसरा आहे, असा हिशेब होता. सगळेच एकाच वेळी पुसले जातील, हे गृहीत धरलेले नव्हते. अखेर एक सापडला, आफ्रिकेतल्या घानामध्ये. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर जाळ्यापासून तुटला आणि वाचला. तिथून इंग्लंडपर्यंत माहिती पाठवायला इंटरनेटचा वेग पुरेना; घानाच्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी त्याने नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती ती डिस्क दिली आणि ती लंडनला पोहोचली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढच्या जानेवारीत दावोसला सांगितले. भारनियमनाला शिव्या देणाऱ्या आपल्या वाचकांना या कथेतली वीज जाण्याची भूमिका गमतीची वाटेल. पण एवढ्या मोठ्या कंपनीच्या अधिकारांची वही अशा योगायोगावर तगावी, यात गमतीचे काही नाही.

आता पासवर्डच्या पाककृतीकडे वळू. पासवर्ड ही संगणकावरची जुनी गोष्ट आहे. एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने १९६१ साली अनेकांनी एकाच वेळी वापरायची संगणकव्यवस्था दाखवली, तेव्हा प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आले. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याचा वेळ पुरेना, म्हणून त्याने पासवर्डची संपूर्ण फाइलच छापून घेतली. म्हणजे पासवर्डचा जन्म आणि त्याची पहिली चोरी यांत फारसे अंतर नाही. शिवाय ती चोरी एकेका वापरकर्त्याच्या निष्काळजीपणामुळे झाली नव्हती. सगळे पासवर्ड एका ठिकाणी उघडे ठेवणाऱ्या व्यवस्थेमुळे झाली होती. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सवरच्या ३,२८९ पासवर्डची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार आखूड किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचे उलट न फिरवता येणारे गणिती रूप, ज्याला हॅश म्हणतात, ते साठवावे आणि प्रत्येकात वेगळे ‘मीठ’ मिसळावे, हा त्यांचा उपाय आजही मूलभूत मानला जातो.

मोठे अक्षर, लहान अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल, ही पाककृती लोकप्रिय झाली ती नंतर. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या मार्गदर्शिकेने तिला वजन दिले. २०१७ साली त्याच संस्थेने सक्तीच्या मुदतबदलाचा आणि चिन्हांच्या सक्तीचा आग्रह सोडला आणि निवृत्त झालेल्या बर यांनी आपल्या त्या सल्ल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. माणसाला दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावले, तर तो शेवटच्या १ चा २ करतो; पाककृतीने एवढेच साधले. आपल्याकडच्या अनेक कार्यालयांत आणि विद्यापीठांच्या पोर्टलवर मात्र ती पाककृती अजून धर्माज्ञेसारखी पाळली जाते. हे निव्वळ आळसाचे लक्षण आहे.

विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. कळफलकावर छापता येणारी ९५ चिन्हे घेऊन आठ अक्षरी पासवर्ड केला, तर शक्यता ९५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ६.६ × १०¹⁵. विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या हॅशवर आजचे एक दमदार ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शंभर अब्जांहून अधिक अंदाज तपासू शकते. शंभर अब्जच धरले, तरी सगळ्या शक्यता साडेअठरा तासांत संपतात. उलट ७,७७६ साध्या शब्दांची यादी घ्या आणि फासे टाकून सहा शब्द निवडा. पाच वेळा फासा टाकला की एक शब्द ठरतो, म्हणून ६ चा पाचवा घात. शक्यता होतात सुमारे २.२ × १०²³, आणि त्याच वेगाने त्या संपायला ७० हजार वर्षे लागतात. कंदील, ताक, पायरी, वादळ असे असंबद्ध शब्द माणसाच्या लक्षात राहतात. अट एकच, निवड फाशाने व्हावी. मनाने निवडले की माणूस मुलीचे नाव आणि कुलदैवत घेतो.

तरीही या गणिताने मर्स्क वाचली नसती. विंडोजच्या जुन्या, पण अनेक ठिकाणी अजून चालू असलेल्या ओळखपद्धतीत समोरच्या यंत्राला पासवर्डऐवजी त्याचा हॅश पुरतो. घुसखोराने स्मृतीतून हॅश उचलला, की मूळ पासवर्ड सहा शब्दांचा होता की साठ, याने फरक पडत नाही. म्हणून प्रशासकाच्या बाबतीत लांबीपेक्षा वागण्याची शिस्त अधिक मोलाची ठरते. त्याने ईमेल वाचण्यासाठी साधे खाते वापरावे. अधिकाराचे खाते फक्त त्या कामासाठी राखलेल्या यंत्रावरून उघडावे. डोमेनच्या वहीचा अधिकार घेऊन हिशेबनिसाच्या संगणकावर कधीच बसू नये. प्रत्येक यंत्राच्या स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड वेगळा असावा. हे काम आपोआप करणारे साधन मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विनामूल्य दिले आणि २०२३ पासून ते विंडोजमध्येच येते. कामापुरताच अधिकार द्यावा हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ साली लिहून ठेवले आहे. नवे असे काही शोधायचे उरलेले नाही.

भीतीची दुसरी बाजूही आहे. किल्ली चोराच्या हाती लागू नये, तशी ती एकाच माणसाच्या मुठीत राहूनही चालत नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या जाळ्याचा अभियंता टेरी चाइल्ड्स याने २००८ साली वरिष्ठांना पासवर्ड द्यायला नकार दिला. वरिष्ठ ते सांभाळायला लायक नाहीत, अशी त्याची भूमिका होती. त्याला अटक झाली. जाळे चालू होते, पण शहराला त्यात काडीचाही बदल करता येत नव्हता. अखेर तुरुंगात भेटायला आलेल्या महापौर गॅव्हिन न्यूसम यांनाच त्याने पासवर्ड सांगितले. २०१० साली त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. तो दोषी होता की हट्टी, यावर तंत्रज्ञांत आजही वाद होतो. पण एका माणसाच्या हट्टावर शहर अडू शकते अशी रचना ज्यांनी वर्षानुवर्षे चालू दिली, त्यांना कुणी कोर्टात उभे केले नाही.

राजाजीनगरच्या मालकाला हे सांगितले, तर त्याचे उत्तर ठरलेले असते: आमचा माणूस विश्वासाचा आहे. असेलही. सरकारी कोषागारात दुहेरी कुलपाची पद्धत इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे; दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. त्यात कोणत्याही अधिकाऱ्याचा अपमान होत नाही, उलट त्याचे रक्षणच होते, कारण उद्या काही कमी पडले तर एकट्यावर आळ येत नाही. पैशांच्या बाबतीत जे शहाणपण आपल्या अंगवळणी पडले आहे, ते अधिकारांच्या बाबतीत कुठे जाते, कळत नाही. गणितानेही त्यासाठी सुंदर सोय केली आहे. आदी शामीर यांनी १९७९ साली दाखवले, की गुपित एका सरळ रेषेत लपवता येते. रेषा जिथे उभ्या अक्षाला छेदते, ती संख्या म्हणजे गुपित. रेषेवरचे तीन बिंदू तीन माणसांना द्या. कोणतेही दोघे एकत्र आले की रेषा ठरते आणि गुपित सापडते. एकट्याच्या बिंदूतून असंख्य रेषा जातात, त्यामुळे त्याला काहीच कळत नाही. प्रत्यक्षात हे गणित मर्यादित संख्याक्षेत्रात करतात, पण कल्पना दहावीच्या भूमितीची आहे.

नोंदींचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. निर्देश योग्यच आहेत. पण पाच माणसे एकाच ‘अ‍ॅडमिन’ नावाने आत जात असतील, तर १८० दिवसांच्या नोंदीत काय सापडणार? मध्यरात्री दोन वाजता ‘अ‍ॅडमिन’ आला आणि त्याने पूर्वप्रती पुसल्या. तो कोण, हे नोंद सांगू शकत नाही. नियमाचे पालन झाले आणि हाती काही लागले नाही, ही अवस्था फार संस्थांत आहे.

विज्ञानसंस्था आणि रुग्णालये यातून सुटलेली नाहीत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत बरीच कामे कागदावर आली. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध झाली, आणि जाळ्याचे विभाग नीट पाडलेले नव्हते हे त्याचे कारण, असे सरकारने संसदेत सांगितले. रुग्णालयाची माहिती परत मिळाली ती बाधा न पोहोचलेल्या एका पूर्वप्रतीच्या सर्व्हरमुळे. राजाजीनगरलाही कामगार विमा योजनेचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. वसाहतीतला कामगार ज्या वर्कशॉपमध्ये राबतो आणि ज्या रुग्णालयात रांगेत उभा राहतो, त्या दोन्ही ठिकाणी त्याचे काम आता संगणकाच्या जाळ्यावरून पुढे सरकते. रुग्णालयातील जाळे थांबले, तर ताप आलेल्या माणसाला त्याची झळ तासाभरात लागते.

कुडनकुलमचा धडा वेगळा आहे. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी त्या अणुवीज केंद्राने सांगितले, की केंद्राच्या नियंत्रण प्रणाली स्वतंत्र आहेत आणि त्यांच्यावर सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी अणुवीज महामंडळाने मान्य केले, की कार्यालयीन कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यातील एका संगणकात घातक प्रोग्रॅम सापडला होता आणि सर्ट-इनने ४ सप्टेंबरलाच तसे कळवले होते. अणुभट्टीचे नियंत्रण वेगळ्या जाळ्यात होते आणि ते सुरक्षित राहिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे; जाळी वेगळी ठेवण्याचा फायदा इथे दिसला. पण सुमारे आठ आठवडे जी गोष्ट ठाऊक होती, ती नागरिकांना आधी ‘शक्यच नाही’ या शब्दांत ऐकावी लागली. कार्यालयीन जाळ्यातही आराखडे, पत्रव्यवहार, माणसांची माहिती असते. भट्टीपर्यंत कुणी पोहोचले नाही म्हणून बाकीचे बिनमहत्त्वाचे ठरत नाही.

लहान उद्योगाला हे परवडणारे नाही, हा आक्षेप रास्त वाटतो. खर्च मांडून पाहिला की तो विरतो. पंधरा यंत्रांना पंधरा वेगळे प्रशासकीय पासवर्ड द्यायला एक संध्याकाळ लागते. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायला दहा मिनिटे लागतात. २०१६ साली ‘मिराई’ने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते अशाच साठेक जुन्या पासवर्डच्या यादीवर. हिशेबनिसाचे खाते साधे करणे फुकट आहे. पूर्वप्रतीची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवणेही फुकट आहे. घानाच्या वीजकपातीने जे योगायोगाने केले ते रोज हाताने करायचे. खरा खर्च एकच आहे, संगणकवाल्याच्या मोबदल्याचा. महिन्यातून एकदा बोलवायचे, दोनशे-चारशे रुपये टेकवायचे आणि सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे ठेवायच्या, हा सौदा कुणालाच शोभणारा नाही. त्याचा करार व्हावा, त्याच्या नावाचे स्वतंत्र खाते असावे, आणि काम सोडताना ते त्याच्यासमोर बंद व्हावे, म्हणजे पुढे कधी काही घडले तर पोलीस आधी त्याच्या दारात उभे राहणार नाहीत.

आणीबाणीसाठीचा मुख्य पासवर्ड सहा शब्दांचा असावा आणि दोन लाखबंद लिफाफ्यांत तीन-तीन शब्द असे विभागून राहावा. एक लिफाफा मालकाच्या तिजोरीत, दुसरा हिशेबनिसाच्या कपाटात. शामीरच्या रेषेइतके हे नेटके नाही, कारण अर्धा लिफाफा हाती लागलेल्याचे काम बरेच हलके होते. पण वर्कशॉपमध्ये लाख आणि सही एवढे पुरते. लिफाफे उघडले की वहीत तारीख, वेळ, कारण आणि दोघांच्या सह्या पडतील, आणि त्याच दिवशी नवे सहा शब्द फाशांनी निवडले जातील.